काखा वर

जानेवारीत तार्तूला नऊ वाजेपर्यंत उजाडत नाही.
खिडकीबाहेर बर्फ निळसर, आत दिवे पांढरेफट्ट,
आणि चार नंबरच्या टेबलावर एक बाई,
डावा हात डोक्याकडे नेऊन,
उन्हाळ्यात गवतावर पडावं तशी.

काखा वर केल्यात तिनं.
पण ही दिवाळखोरी नव्हे.
हिनं तर हयातीतच सही करून
होतं नव्हतं ते आमच्या हवाली केलंय.

नाव आम्हाला कळत नाही.
कागदावर इतकंच: वय एक्क्याऐंशी, सारेमा बेट.
बाकीचं माइमूनं वाचलं, जी तीस वर्षं
इथले देह धुते, पुसते, झाकते.
तर्जनीवरची खाच दाखवून म्हणाली,
जाळी विणायची ही. हेरिंगची.
दोरा सुटला, खाच राहिली.

उर्मो चरबी काढतोय. पिवळी, चिवट,
फोर्सेप्सला चिकटणारी. तासभर तेवढंच.
मग धमनी.

पहिल्या बरगडीच्या काठावर ती नाव बदलते.
रक्त तेच, भिंत तीच,
शीव ओलांडली म्हणून नकाशानं दिलेलं नवं नाव.
मग एक छोटा स्नायू तिच्यावरून आडवा जातो
आणि तिचे तीन टप्पे पडतात.
पहिल्यात एक फांदी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन:
पोरांनी पाढ्यासारखं घोकलंय.
तीन मज्जादोर तिला बिलगलेले,
एक बाहेरून, एक आतून, एक मागून.
त्यांची नावंसुद्धा तिच्यावरून पडलेली.
ती कुठं आहे यावर ते कोण आहेत हे ठरतं.

लेलो मोजते. पुन्हा मोजते.
ही एक जास्त आहे, म्हणते.

आणि खरंच होती.
जी कोपरापाशी फुटायला हवी, अंगठ्याखाली
वैद्य जिथं नाडी बघतात तिथं जाणारी,
ती इथंच, काखेत, घाईनं वेगळी झालेली.
मध्य मज्जातंतूच्या वरून, कातडीच्या जेमतेम खाली
दंडभर एकटीच उतरलेली.

मी सळईनं तिचा माग काढला कोपराच्या खळगीपर्यंत.
इथं शीर समजून कुणी सुई खुपसली असती
तर औषध उलट्या वाटेनं बोटांत उतरलं असतं
आणि बोटं एकेक करून काळी पडली असती.
एक्क्याऐंशी वर्षांत किती सुया, किती घाईतले हात.
पाचही बोटं शाबूत आहेत.
त्यातल्या एकावर खाच.

चूक म्हणून नोंदवू? लेलोनं विचारलं.
चूक नाही. पाठभेद लिही.

तेवढ्यात उर्मो, जो सहसा बोलत नाही,
आपल्याच काखेत अंगठा रुतवून उभा.
व्होरूकडच्या लाकूडगिरणीत, म्हणाला,
मी तेव्हा एकोणीसचा,
करवत हिल्लारच्या दंडात गेली.
रक्त छतापर्यंत. मी काखेत अंगठा घातला
आणि हाडावर दाबून धरला. गाडी यायला वीस मिनिटं.
मला वाटलं, नुसता हात धरलाय.

तिसरा टप्पा, मी म्हटलं.
तिथंच ती हाडावर दाबता येते.
आणि हिल्लार?

आहे की. त्याच हातानं बिअर पितो.
दोन बोटं सुन्न आहेत,
मग तोच सांगतो सगळ्यांना, ग्लास नीट धरा.

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले,
आणि बाईकडे पाहून गप्प झाले.

साडेतीनला पुन्हा अंधारलं.
माइमू ओला कपडा घेऊन आली.
हात खाली आणायला वेळ लागतो,
खांदा अडतो, हळूहळू मनवावा लागतो.
तिनं मनवला. बोटं पोटावर ठेवली,
खाच असलेलं वर.

ही डावी बाजू, ती म्हणाली.
उजवीकडं बघितलंत का?

नाही अजून.
उद्या.